‘86 वर्षं नामशेष’ असलेला धाविक आणि वगळलेलं सिरोंचा

वर्षातून दोन-तीनदा तरी हा मजकूर फोनवर येतोच: ‘समुद्रकिनारी राहणारा जेर्डनचा धाविक हा पक्षी 1900 साली नामशेष झाला. 86 वर्षांनी आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा प्रकटला. जगात दुसरीकडे तो कधीच नव्हता. 2008 नंतर कुणालाच दिसला नाही, म्हणजे आता कायमचा संपला.’ खाली एक फोटो. मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातलं एकही विधान तपासलं तर उभं राहत नाही.

‘समुद्रकिनारी राहणारा’ हे वर्गीकरणाच्या गोंधळातून आलंय. टिटव्या, तुतवार, कुरव आणि धाविक एकाच मोठ्या गणात मोडतात आणि त्या गणाला इंग्रजीत किनाऱ्यावरून नाव आहे. हा पक्षी मात्र कोरड्या, काटेरी झुडपी रानातला. तेलुगूत त्याला ‘कलिवी कोडी’ म्हणतात. कलिवी म्हणजे करवंद, कोडी म्हणजे कोंबडी. करवंदीच्या जाळीतली कोंबडी! नावातच पत्ता दिलाय.

आता 1900. त्या वर्षी हॉवर्ड कॅम्पबेल यांनी अनंतपूरजवळ हा पक्षी नोंदवला आणि त्यानंतर बराच काळ कुणाची नोंद छापून आली नाही. याचा अर्थ पक्षी संपला असा लावला गेला. पण 1917 साली कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरातल्या एका पशुवैद्याने एक अंडं गोळा केलं होतं. ते स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहालयात पडून राहिलं. 2013 मध्ये त्याचा डीएनए जुन्या नमुन्याशी ताडून पाहिला, तेव्हा ते जेर्डनच्या धाविकाचंच निघालं. म्हणजे ‘नामशेष’ झाल्यानंतर सतरा वर्षांनी हा पक्षी कर्नाटकात अंडी घालत होता.

मग तो दिसला का नाही? कारण तो रात्रीचा पक्षी आहे. टिटवीपेक्षा लहान, अंग झुडपाच्या सावलीत मिसळणारं, दिवसा दबून बसणारा. 1930 च्या सुमारास पूर्व घाटात मोठी पक्षी-पाहणी झाली, 1970 च्या दशकात पुन्हा शोध झाला; हाती काही लागलं नाही. जानेवारी 1986 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे भारत भूषण कडप्पा जिल्ह्यातल्या लंकामल्लाच्या डोंगरांत शोध घेत होते, तेव्हा पक्षी पकडला तो एका स्थानिक माणसाने, रात्री, बॅटरीच्या उजेडात. पुन्हा प्रकटला वगैरे काही नाही. तो तिथेच होता, शोधण्याची वेळ बदलली.

‘जगात दुसरीकडे तो कधीच नव्हता’ हे विधान आपल्याला जवळचं, म्हणून त्याकडे जरा निवांत पाहू. जेर्डन हे मद्रास लष्करातले डॉक्टर. त्यांनी हा पक्षी नेल्लूर-कडप्पा भागातून मिळवला आणि एडवर्ड ब्लाइथ यांनी 1848 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड 1867 ते 1871 च्या दरम्यान गोदावरीच्या खोऱ्यात खडकांची पाहणी करत हिंडत होते. त्यांना हा धाविक भद्राचलमजवळ आणि सिरोंच्याजवळ मिळाला. सिरोंचा तेव्हा मध्य प्रांतात होतं. आज तो गडचिरोली जिल्ह्यातला तालुका आहे. जुन्या नोंदी वाचताना नेमकं इथेच घसरायला होतं: ‘गोदावरीचं खोरं’ म्हटलं की आंध्र, असं धरून लोक मोकळे होतात. तेव्हा जेर्डनच्या धाविकाची ऐतिहासिक नोंद महाराष्ट्रातही आहे.

याचा उलटा अतिरेकही नको. ब्लॅनफर्डनंतर महाराष्ट्रातून खात्रीची नोंद नाही, त्यामुळे ‘गडचिरोलीत आजही दिसतो’ हेही टिकत नाही.

‘2008 नंतर दिसला नाही म्हणजे संपला’ ही तीच 1900 ची चूक, नव्या आकड्यासह. ऑगस्ट 2025 मध्ये आंध्रात पक्षी-निरीक्षकांनी त्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला आहे. दिसण्यापेक्षा ऐकू येणं जास्त शक्य, हे आधीच्या अभ्यासातूनही माहीत होतं. ‘ट्विक-टू, ट्विक-टू’ अशी दोन सुरांची हाक, साधारण सेकंदाला एक. सूर्यास्तानंतर 45 ते 50 मिनिटांनी सुरू होते आणि काही मिनिटांत, फार तर वीसेक मिनिटांत थांबते. जानेवारीत सिरोंच्याला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेसहाच्या आधीच जागेवर शांत बसलेलं असायला हवं. आठला पोचून रात्रभर फिरणाऱ्याला रातवे आणि टिटव्याच ऐकू येतील.

फोटोचं म्हणाल तर तो बहुतेकदा साध्या धाविकाचा असतो. साध्या धाविकाची छाती नारिंगी-तपकिरी, पोटावर काळा डाग, चोच काळी, बारीक आणि किंचित वाकलेली. तो दिवसाढवळ्या माळावर पळताना दिसतो. जेर्डनच्या धाविकाच्या गळ्याखाली तांबूस ठिपका, छातीवर दोन तपकिरी पट्टे आणि त्यांच्यामध्ये पांढरा, चोच आखूड, बुडाशी पिवळी आणि टोकाशी काळी. छातीवर दोन पट्टे नाहीत? मग पुढे पाठवू नका.

सिरोंचा भागात कुणाला खरोखर शोधायचा असेल तर आधी रान मोजा. कडप्प्यातल्या अभ्यासानुसार त्याला हेक्टरी 300 ते 700 मोठी झुडपं (दोन मीटरपेक्षा उंच) आणि हजारापेक्षा कमी लहान झुडपं असलेली जागा मानवते. 50 मीटर लांब, 20 मीटर रुंद पट्टा आखला की तो हेक्टरचा दहावा भाग होतो. त्यात 30 ते 70 मोठी झुडपं आणि शंभराच्या आत लहान, असा हिशेब. लाकूडतोड किंवा नांगरणी झाली की ही संख्या खाली जाते. चराई पूर्ण थांबली की लहान झुडपं दाटतात आणि पळायला मोकळी जमीन उरत नाही. दोन्हीकडून जागा बिघडते.

मग पायवाटेवर बारीक चाळलेली माती पसरून पट्टी करा आणि सकाळी ऊन चढण्याआधी ठसे पाहा. धाविकाला मागचं बोट नसतं, पुढची तीनच उमटतात. पण पिवळ्या गाठीच्या टिटवीलाही मागचं बोट नसतं आणि करवानकालाही नसतं, म्हणून नुसते तीन बोटांचे ठसे पुरावा ठरत नाहीत. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, मातीच्या त्याच पट्टीवर स्वयंचलित कॅमेरा लावा आणि संध्याकाळी ध्वनिमुद्रण चालू ठेवा. तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश आवाजाच्या फाइलसोबतच हवेत, नंतर आठवून लिहिलेले नकोत. रेकॉर्ड केलेला आवाज वारंवार वाजवून पक्ष्याला बोलवू नका, आणि जंगलात रात्री थांबायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या.