ट्रकची दुरुस्ती अंगणातच करा, हा सल्ला कुठे चुकतो

धुळे, जळगाव आणि नंदुरबार भागातील ट्रकमालकांच्या मोबाइलवर सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. "गॅरेजवाल्यांना पैसे देणे बंद करा, ही सगळी कामे घराच्या अंगणात होतात, वर्षाला लाखभर रुपये वाचतील," अशी त्याची सुरुवात आहे. पुढचे सल्ले थोडक्यात असे आहेत: खानदेशातील उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (इंजिनातील पाण्याची वाट तापमानानुसार उघड-बंद करणारी झडप) काढून टाकावा आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या रसायनयुक्त मिश्रणाऐवजी) साधे पाणी घालावे, टायर फुटू नये म्हणून उन्हाळ्यात हवा दहा-पंधरा पौंड कमी ठेवावी, बीएस-६ (नव्या धूर-नियमांच्या) गाडीचे डीईएफ, म्हणजे धूर शुद्ध करण्यासाठी लागणारे द्रावण, शेतीच्या युरियापासून घरीच तयार करावे, एअर फिल्टर रोज काढून झटकावा आणि आठवड्याला धुवावा, ऑइल काळे दिसताच बदलावे, मागचा ब्रेक जाम झाल्यास चेंबर (हवेच्या दाबाने ब्रेक चालवणारा डबा) स्वतः खोलावा, पंक्चरही घरीच काढावे, आणि घाट उतरण्याआधी ब्रेक कसून घ्यावेत.

आमच्या घरी वडिलांच्या काळापासून ट्रक आहेत. रावेर-यावलची केळी, हंगामात कापूस आणि एरवी जळगावची डाळ अशी आमची भाडी असतात. ग्रीसिंग, बेल्ट, फिल्टर, बल्ब, वायरिंगची किरकोळ कामे मी स्वतः करतो आणि प्रत्येक चालक-मालकाने ती करावीत असे मला मनापासून वाटते. त्यामुळे घरी हात घालूच नये, असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप असा आहे की या संदेशातील यादीच उलटी आहे. जी कामे अंगणात निर्धोकपणे होतात आणि खरोखर पैसा वाचवतात त्यांचा त्यात उल्लेखही नाही, आणि जी कामे जिवावर किंवा इंजिनावर बेततात ती मात्र सोपी म्हणून सांगितली आहेत.

सर्वांत जास्त नुकसान करणारा सल्ला थर्मोस्टॅट आणि पाण्याचा आहे, म्हणून तो आधी घेतो. त्यामागचा तर्क वरवर पाहता पटतो: भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, मग पाणी अडवणारा झडपेचा अडथळा हवाच कशाला? पण अनेक डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामे करतो. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी आतल्या आत फिरवतो. साधारण ८० अंशांच्या पुढे तो उघडू लागतो, आणि उघडताना त्याची खालची चकती ही आतली आडवाट बंद करत जाते. थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायमची उघडी राहते. मग भरल्या गाडीने चढ चढताना, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनात शिरतो आणि ज्या तापण्याच्या भीतीने थर्मोस्टॅट काढला तेच तापणे ओढवते. उलट डिसेंबरच्या पहाटे रिकामी गाडी पळताना इंजिन हवे तितके तापतच नाही, डिझेल नीट जळत नाही, त्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो आणि पिस्टनच्या रिंगा व लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) यांची झीज वाढते.

पाण्याबाबत एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नुसती उष्णता वाहून नेण्यात साधे पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा कमी नाही, किंबहुना सरसच आहे. पण कूलंटचे काम तेवढ्यावर संपत नाही. पिस्टनच्या प्रत्येक धक्क्याने लायनर सूक्ष्मपणे थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना धातूचा कण कण उडवतात. कूलंटमधील रसायने लायनरवर संरक्षक थर धरतात म्हणून हे खाणे थांबते. साध्या पाण्यात तो थर धरतच नाही. त्यात आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. ज्या पाण्याने घरातील पातेल्याला पांढरा थर चढतो, तेच पाणी इंजिनाच्या जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत वर्षभर उकळत ठेवले तर काय होईल, हे निराळे सांगायला नको.

मी स्वतः याची किंमत मोजली आहे. जुना घेतलेला एक ट्रक सुरुवातीपासून पाण्यावरच चालला होता आणि मीही तसाच चालवला. एके सकाळी ऑइल मोजण्याची डिपस्टिक ओढली तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झालेला होता, म्हणजे त्यात पाणी मिसळले होते. इंजिन खोलल्यावर मिस्तरी आप्पांनी चौथ्या सिलिंडरचा लायनर उजेडात धरला. त्याच्या एका बाजूला वरून खालपर्यंत सुईने टोचल्यासारखी भोकांची रांग होती, आणि त्यातले एक आरपार गेले होते. आप्पांनी अंगठ्याचे नख त्या भोकांवरून फिरवले आणि "भाऊ, पाण्यानंच खाल्लंय हे," एवढेच म्हणाले. त्या एका कामाच्या खर्चात कितीतरी वर्षांचे कूलंट आले असते.

खानदेशातील उन्हाळ्यात इंजिन तापण्याचे एक मोठे कारण संदेशात आलेलेच नाही. रेडिएटरमधील पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा १५ अंशांवर असेल तर दोघांत ७५ अंशांचा फरक असतो. बाहेर ४५ अंश असताना तो फरक ४५ वर येतो, म्हणजे रेडिएटरची ताकद तशीच आटलेली असते. अशा वेळी जिनिंगच्या आवारात उडणारा कापसाचा तंतू आणि रस्त्याची धूळ जाळीत अडकलेली असेल तर गाडी तापणारच. बीएस-६ गाड्यांत इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो आणि हा तंतू दोघांच्या मधल्या फटीत गादीसारखा जमतो. समोरून पाहिले तर सगळे स्वच्छ दिसते. बॅटरीच्या उजेडात त्या फटीत पाहणे आणि हवेच्या उलट दिशेने, म्हणजे इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाने जाळी साफ करणे हे खरे अंगणातले काम आहे. इंजिन थंड असताना, पंख्याला हात लागणार नाही याची खात्री करून ते कोणालाही करता येते.

टायरची हवा कमी ठेवण्याचा सल्ला तर संदेश नव्हता तेव्हापासून आपल्याकडे ढाब्या-ढाब्यावर दिला जातो. चालताना टायर तापतो आणि आतला दाब वाढतो, एवढे त्यात खरे आहे. सकाळी २५ अंशांना भरलेली ११० पौंड हवा टायर ७५ अंशांपर्यंत तापल्यावर साधारण १३० पौंडांवर जाते. पण थंड टायरसाठी लिहिलेला दाब ही वाढ गृहीत धरूनच ठरवलेला असतो. टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. कमी हवेत त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडण्याने उष्णता तयार होते, आणि उष्णतेने रबर व आतील तारा किंवा नायलॉनचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. दुपारी तापलेल्या डांबरावर भरल्या गाडीच्या टायरमधून पंधरा पौंड हवा सोडणारा माणूस टायर फुटायला मदतच करत असतो. तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडू नये. मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी.

या मोजण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ट्रकचा पैसा डिझेलखालोखाल टायरमध्ये जातो. टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा ओळखण्याची आपली सवय फक्त पूर्ण बसलेला टायर दाखवते. ८० आणि ११० मधला फरक भल्याभल्या कानांना कळत नाही. मागच्या जोडटायरमध्ये आतला टायर कमी हवेचा असेल तर बाहेरचा एकटा ओझे वाहतो आणि दोन्ही लवकर जातात. आतल्या टायरपर्यंत हात पोहोचत नाही म्हणून तो महिनोन्महिने तपासला जात नाही. त्याच्या व्हॉल्व्हला लांबवणारी नळी लावून घ्यावी आणि एक चांगला गेज विकत घ्यावा.

पंक्चर घरी काढण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ट्यूबच्या टायरच्या डिस्कला लॉकरिंग, म्हणजे टायर जागेवर धरणारी लोखंडी कडी, असते. ती खाचेत नीट बसली नसेल आणि हवा भरत असताना उडाली, तर समोर उभ्या माणसाला वाचण्याची संधीच मिळत नाही. चांगल्या दुकानात अशा वेळी चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब नळीने हवा भरतात. अंगणात पिंजरा नसतो आणि बघायला लहान मुले उभी असतात. शिवाय बसलेल्या हवेवर बराच वेळ पळालेल्या रेडियल टायरच्या भिंतीतील तारा तुटलेल्या असू शकतात, आणि तो टायर हवा भरताना कपड्याच्या चेनसारखा उसवतो. असा टायर उतरवून आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरायची नसते.

ब्रेक चेंबरचे कामही त्याच जातीचे आहे. मागच्या चाकांच्या दुहेरी चेंबरमध्ये पार्किंग ब्रेकची दणकट स्प्रिंग दाबून बसवलेली असते. टाकीतील हवा संपली तरी गाडी जागची हलू नये, हे काम ती स्प्रिंग करते, म्हणजेच हवा काढून टाकल्यावरही तिच्यातील जोर शिल्लक असतो. तो भाग खोलला तर स्प्रिंग झाकणासह बाहेर फेकली जाते, आणि या प्रकारात माणसे दगावलेली आहेत. रिलीज बोल्टने स्प्रिंग आवळून घेणे हा रस्त्यातून गाडी बाजूला काढण्यापुरता उपाय आहे, आणि तसे केल्यावर त्या चाकाला पार्किंग ब्रेक उरत नाही, म्हणून त्याआधी चाकाला पाचर लावायला विसरू नये.

गाडीखाली जाण्याबाबत संदेशात केवळ "जॅक लावून" इतकेच लिहिले आहे. आपल्या अंगणात बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. उन्हात ती दगडासारखी वाटते, पण एका पावसाने जॅकचा तळ तिच्यात हळूहळू बसत जातो आणि वर काम करणाऱ्याला ते कळतही नाही. जॅकखाली जाड लाकडी फळी, चाकांना पाचरी आणि ओझे घेणारी लोखंडी घोडी नसेल तर त्या गाडीखाली डोके घालू नये. टिपरची बॉडी नुसत्या हायड्रोलिकवर उचलून खाली काम करणे हाही याच प्रकारचा धोका आहे.

डीईएफबाबत संदेश म्हणतो की तो युरियाच आहे, मग गोणीतला का चालणार नाही? डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या धुरात तो फवारला की त्यातून अमोनिया सुटतो आणि उत्प्रेरकावर धुरातील नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन आणि पाण्यात होते. शेतीच्या युरियात १.५ टक्क्यांपर्यंत बाययुरेट ही अशुद्धी चालते. डीईएफमध्ये त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. त्यावर २०१५ पासून देशातील युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप आहे. हे मिश्रण बोअरच्या पाण्यात केले की फवारणीच्या नोझलवर पांढरे खडे धरतात, उत्प्रेरक निकामी होत जातो, आणि गाडीची यंत्रणा दोष ओळखून इंजिनाची ताकद कमी करते. शिवाय अनुदानामुळे तीनशे रुपयांच्या आत मिळणारी ४५ किलोची ती गोणी शेतकऱ्यासाठी आहे. ती गाडीसाठी वळवणे खत नियंत्रण आदेशानुसार गुन्हा आहे, आणि पेरणीच्या दिवसांत युरियासाठी रांगेत उभे राहणारे आपल्याच घरचे लोक असतात. डीईएफवर खरोखर बचत करायची असेल तर ते गरजेपुरतेच आणावे. ३० अंशांखाली ते वर्षभर टिकते, पण ३५ अंशांना त्याचे आयुष्य सहा महिन्यांवर येते, आणि आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये तर त्याहून कमी.

ऑइल काळे होण्याबाबत एवढेच सांगतो की डिझेल इंजिनात काजळी धरून ठेवणे हे ऑइलचे कामच आहे, त्यामुळे ते बदलल्यावर काही तासांतच काळे होते. बदलायचे ते कंपनीच्या पुस्तिकेतील किलोमीटरनुसार आणि त्यात लिहिलेल्या प्रतीचेच. एअर फिल्टर रोज काढण्यानेही उपायापेक्षा अपायच जास्त होतो, कारण प्रत्येक वेळी थोडी धूळ आत सांडते आणि टर्बो व रिंगा झिजवते. धुतल्यावर तर कागदाची छिद्रेच बिघडतात. फिल्टर तुंबल्याचा इंडिकेटर लाल झाला की बाहेरचा फिल्टर बदलावा आणि आतला कधीही झटकू नये. रोज करायचे ते काम फिल्टरच्या डब्याखालचा रबरी डस्ट व्हॉल्व्ह दोन बोटांनी दाबण्याचे आहे. क्रशरच्या भाड्यावर त्यातून मूठभर माती पडते.

राहिला घाट उतरण्याआधी ब्रेक कसण्याचा सल्ला. कसलेले ब्रेक सपाटीवरच घासू लागतात, आणि गाडी लळिंग किंवा बिजासन घाटाच्या माथ्यावर पोहोचते तेव्हा ड्रम आधीच तापलेले असतात. तापलेला ड्रम फुगून ब्रेकच्या लायनरपासून दूर जातो, त्या लायनरची पकड कमी होते, आणि उतारावर ब्रेक चेंबरच्या दांड्याला नेहमीपेक्षा लांब सरकावे लागते, म्हणजे त्याचा स्ट्रोक वाढतो. गाडीला ऑटो स्लॅक अॅडजस्टर (ब्रेक आपोआप कसून घेणारा भाग) असेल तर तो पान्याने फिरवायचाच नसतो. स्ट्रोक लांब येत असेल तर बुश, पिन किंवा कॅम झिजला आहे आणि ते मिस्तरीचे काम आहे. कोंडाईबारीचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल केल्याने डिझेल वाचते, हेही त्याच संदेशात शेवटी आहे. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आजच्या इंजिनात डिझेलचा पुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळतच राहते, आणि इंजिनाचा व एक्झॉस्ट ब्रेकचा आधार जातो तो वेगळाच. माझ्या दोन्ही गाड्यांवर घाटाच्या आदल्या संध्याकाळी ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडून पाणी काढले जाते, आणि पाण्यासोबत ऑइल आले तर दुसऱ्या दिवशीचे भाडे न घेता गाडी या टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर दाखवायला जाते.