फणसातला ‘जॅक’ हा माणूस नव्हे

फणसाला इंग्रजीत जॅकफ्रूट म्हणतात ते विल्यम जॅक या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून, ही माहिती पुन्हापुन्हा फिरते. रॅल्फ स्ट्युअर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञानेही तसं सुचवलं होतं, त्यामुळे तिला वजन आलं. तरीही ती चूक आहे.

आधी सनावळी. जॅक जन्मला १७९५ मध्ये, वारला १८२२ मध्ये. रॉबर्ट नॉक्स या इंग्रज खलाशाचं श्रीलंकेवरचं पुस्तक मात्र १६८१ चं, म्हणजे जॅकच्या जन्माच्या ११४ वर्षं आधीचं. नॉक्स लिहितो, या फळाला ‘आम्ही जॅक्स म्हणतो’. तिथले लोक कोवळं असताना त्याला ‘पोलोस’ म्हणतात (आपल्या कोकणातली कुयरी). इथे ‘आम्ही’ हा शब्द नीट वाचायला हवा. इंग्रजांच्या तोंडी हे नाव तेव्हाच रुळलेलं होतं. ‘फ्रूट’ची जोड मागाहून लागली.

मूळ शब्द मल्याळम ‘चक्क’. १३२१ मध्ये ठाण्याला आलेला जॉर्डानस हा ख्रिस्ती धर्मप्रचारक या फळाला ‘चाकी’ म्हणतो आणि एक फळ पाच माणसांना पुरतं असं सांगतो. पोर्तुगीजांनी ‘चक्क’चं ‘जाका’ केलं. इंग्रजांनी शेवटचा ‘आ’ गाळला, उरला ‘जॅक’. मलबारच्या, म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरच्या, वनस्पतींवरच्या डचांच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात हेच नाव त्यांच्या स्पेलिंगनं ‘त्स्जाका’ असं छापलंय, कारण ‘च’ लिहायला ते तीन अक्षरं (tsj) जोडतात.

यावर एक रास्त शंका निघते: पोर्तुगीजांची राजधानी गोवा, मग त्यांनी तिथलं ‘पणस’ हे नाव का नाही उचललं? कारण ते आधी उतरले मलबारात, कोळिकोडला (कालिकतला), १४९८ मध्ये. गोवा घेतलं १५१० मध्ये. तोवर मलबारी नाव जिभेवर बसलं होतं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात दोन्ही नावं शेजारी-शेजारी आहेत: मलबारात ‘जाका’, कानारी आणि गुजरातीत ‘पनाझ’. ही ‘कानारी’ म्हणजे गोव्याची बोली, आणि ‘पनाझ’ म्हणजे आपला पणस.

राहिला ‘वनस्पतींना संशोधकांची नावं देतातच’ हा मुद्दा. देतात, पण बहुतेक वेळा शास्त्रीय नावात. फणसाचं शास्त्रीय नाव ‘आर्टोकार्पस हेटेरोफायलस’. पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ पाव-फळ. विल्यम जॅकच्या सन्मानार्थ नॅथॅनिएल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने खरोखरच एका प्रजातीला ‘जॅकिया’ नाव दिलं होतं. ते मलायातलं, कॉफीच्या कुळातलं झाड आहे.