दे पोस्त

रोमानियाच्या उत्तर टोकाला, युक्रेनच्या सीमेलगत मारामुरेश नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे मी खोटं बोललो, आणि तेही देवाधर्माच्या बाबतीत.

आमचं घराणं माळकरी. माळ आजोबांची, मी नुसताच शाकाहारी. निघण्यापूर्वी तिकडे राहिलेल्या एका मित्राने कानमंत्र दिला, "मांस का खात नाही हे समजावत बसू नकोस. 'दे पोस्त' म्हण. म्हणजे उपासाचं." तिथले ऑर्थोडॉक्स लोक बुधवार-शुक्रवार उपास करतात, शिवाय वर्षातून चार मोठे उपास. एक गोष्ट सांगायची तो विसरला. त्यांच्या उपासाला दूध, लोणी, चीज, अंडी यातलं काहीच चालत नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर वाटीभर दही ओतून घेणाऱ्याला ही शंका येणार तरी कुठून?

इझा नदीच्या खोऱ्यातल्या गावात पोहोचलो तो दिवस १३ ऑगस्ट. घरापेक्षा घराचं फाटकच दांडगं. ओकाच्या लाकडाचं, त्यावर पीळदार दोरखंड आणि सूर्य कोरलेले. मागच्या उतारावर खांबाभोवती रचलेल्या गवताच्या उडव्या, अगदी कोकणातल्यासारख्या. पलीकडे लाकडी चर्चचा सुळका. इकडच्या अशा आठ चर्चना १९९९ साली युनेस्कोने वारशाचा मान दिला. त्यातल्या शुर्देश्तच्या चर्चचा तर नुसता मनोराच ५४ मीटर. पण माझं लक्ष टेबलावर होतं. तिथे ममलिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, दोऱ्याने कापून मांडली होती. शेजारी मेंढीचं चीज आणि साय घट्ट विरजावी तशी पांढरीशुभ्र स्मन्ताना.

मी हात जोडून म्हणालो, "दे पोस्त."

डोक्याला रुमाल बांधलेल्या घरच्या आजींचा चेहरा उजळला. १ ते १४ ऑगस्ट हा त्यांचा मेरीमातेचा उपास, आणि एवढ्या लांबून आलेला परका पोरगा तो पाळतो! त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि चीज उचललं. मग स्मन्ताना उचलली. माझ्यासमोर उरली कोरडी उकड आणि वालांची उसळ. "मनन्का, मनन्का," आजी म्हणाल्या. मला वाटलं, मनुका देताहेत. त्याचा अर्थ होता, खा!

होरिंका मात्र टेबलावरून हलली नाही. दोनदा गाळलेली ही आलुबुखाराची दारू पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. मी पुन्हा "दे पोस्त" म्हणून पाहिलं. घरच्या आजोबांनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट दाखवलं. फळच ते, त्याला कसला उपास! "नोरोक!" म्हणून त्यांनी पेला रिकामा केला. मीही केला. माळेची आठवण घशापासून पोटापर्यंत सरळ रेषेत जळत गेली.

दुसऱ्या दिवशी सापन्त्साच्या स्मशानात गेलो. स्तान इओआन पत्राश या कारागिराने १९३५च्या सुमारास तिथे निळे, रंगीत क्रूस कोरायला सुरुवात केली. प्रत्येकावर मेलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्याच तोंडच्या चार गमतीदार ओळी. कुणी दारू प्यायचा, कुणाचा पाय घसरलेला, सगळं उघड. एका सासूच्या क्रूसावर तर येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवणी आहे, की तिला उठवू नका! आपल्याकडे माणूस गेला की तो मनमिळाऊच असतो. इथे मेल्यावरही सुटका नाही, हे पाहून मला भर उन्हात थंडी वाजली.

१५ ऑगस्ट उजाडला. उपास संपला, सण आला आणि माझं निमित्तही संपलं. मोठ्या पातेल्यातून सरमाले वाफाळत आले. कोबीच्या पानाच्या गुंडाळ्या, लांबून थेट अळूवडी. आत डुकराचा खिमा. शेवटी मोबाइलच्या भाषांतरात खरं टाइप केलं, "मी मांस कधीच खात नाही." आजींनी ते दोनदा वाचलं आणि उठून आत गेल्या. मी बॅग कुठे ठेवलीय ते आठवू लागलो.

त्या परतल्या त्या वेगळं छोटं पातेलं घेऊन. त्यात तांदूळ-मशरूमचे बारा सरमाले, खास माझ्यासाठी. आयुष्यभराचा उपास, असाच अर्थ त्यांनी लावला होता. सुनेने माझ्या ताटाकडे चमचाभर स्मन्ताना आणली, तशी आजींनी तिचा हात मधेच धरला आणि माझ्याकडे आदराने बोट दाखवत तिला दटावलं. मग तो वाडगा माझ्या नाकासमोरून, एकेका ताटावर थांबत, पार टेबलाच्या टोकापर्यंत गेला.

"मनन्का," आजी म्हणाल्या.