‘घरात पैसा असला की...’ : बिअॅट्रिक्स पॉटरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

‘पीटर रॅबिट’ या सशाची गोष्ट लिहिणाऱ्या आणि चितारणाऱ्या इंग्रज लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आलेली लांबलचक प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगते. लेख म्हणजे ‘दुपारच्या झोपेनंतर सुचलेलं कौतुक’ आहे. कोट घातलेले ससे आणि टोपी घातलेली बदकं आपल्या मुलांच्या काही कामाची नाहीत. अळंबीवरचं संशोधन मी फुगवून सांगितलं. बाई शेवटी जमीनदारीण झाल्या, त्यात कौतुक कसलं? आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य : ‘घरात पैसा आणि नोकरचाकर असले की सशांची चित्रं काढायला कुणालाही वेळ मिळतो.’

दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवावा असं आधी वाटलं होतं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी तुमच्या सुराबद्दल. लेख आवडला नाही असं सरळ लिहिलं असतंत तर मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. इथे येणारे अनेक जण माझ्याशी वाद घालतात, कडाडून घालतात, आणि त्यांच्याशी माझं उत्तम जमतं. पण माझी दुपारची झोप यात कुठून आली? एखाद्या पुरुषाने क्रिकेटपटूवर किंवा गायकावर भरभरून लिहिलं तर त्याखाली त्याच्या झोपेच्या वेळा कुणी काढत नाही. बाईने लिहिलं की ती रिकामी असणार, पोट भरून पडलेली असणार, हे तुम्ही गृहीत धरलंत. आणि गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे धरलंत, कारण पॉटरबद्दलही तुम्ही नेमकं हेच म्हणता आहात. दोन्ही वाक्यं एकाच डोक्यातून आली आहेत.

तुमचा एक मुद्दा बरोबर आहे, तो मान्य करते. 1905 साली पॉटरने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या निअर सॉरी गावातलं हिल टॉप हे शेत विकत घेतलं तेव्हा पुस्तकांच्या मानधनात नात्यातल्या एका बाईंकडून वारशाने आलेली थोडी रक्कमही होती. तेवढी दुरुस्ती लेखात करते.

आता ते वाक्य. घरात पैसा होता. होताच, कोण नाही म्हणतंय? तिच्या आजोबांचा ग्लॉसपजवळ कापडछपाईचा मोठा कारखाना होता. वडील रूपर्ट पॉटर बॅरिस्टर होते पण त्यांचा जीव फोटोग्राफीत. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला घर, उन्हाळ्यात स्कॉटलंड नाहीतर लेक डिस्ट्रिक्टमध्ये भाड्याने घेतलेला मोठा बंगला. पण हा पैसा तिचा कधी झाला? धाकटा भाऊ बर्ट्रम शाळेत गेला. ती गेली नाही, तिला शिकवायला घरी बाई येत. तिशी उलटली तरी ती आईवडिलांच्याच घरात होती, त्यांच्या सुट्ट्यांबरोबर सुट्टीला जाणारी आणि त्यांच्या सोयीने परत येणारी.

एक प्रसंग सांगते, मूळ लेखात जागेअभावी घेतला नव्हता. 1904 मध्ये ती दोन खट्याळ उंदरांच्या पुस्तकावर काम करत होती. उंदीर बाहुलीच्या घरात शिरतात, प्लास्टरचं खोटं जेवण बघून चिडतात आणि सगळं फोडून टाकतात अशी गोष्ट. चित्रांसाठी खरं बाहुलीघर हवं होतं. तिचा संपादक नॉर्मन वॉर्न याने आपल्या पुतणीसाठी तसं एक घर स्वतःच्या हाताने बनवलं होतं, लंडनजवळच सर्बिटनला. तिथे जाऊन बसायचं आणि रेखाटनं करायची, एवढंच काम. आईला ते पसंत पडलं नाही, आणि ती गेली नाही. नॉर्मनने बाहुल्या विकत घेऊन पाठवल्या, घराचे फोटो पाठवले, आणि त्यांवरून तिने चित्रं काढली. तेव्हा तिचं वय 37 होतं. पुस्तकं हातोहात विकली जात होती, देशभरातली मुलं तिला ओळखत होती, आणि तिला सर्बिटनला जाता येत नव्हतं. तुमच्या नोकरचाकरांनी तिला कुठला वेळ मिळवून दिला, ते सांगा.

पुढच्याच वर्षी त्याच नॉर्मनने लग्नाची मागणी घातली. आईवडील नाही म्हणाले, कारण तो धंदेवाईक घरातला, पुस्तकं छापून विकणारा. कापड छापून श्रीमंत झालेल्या घराण्याने हे म्हणावं! ती तरीही हो म्हणाली, आणि महिन्याभरात नॉर्मन रक्ताच्या आजाराने गेला. साखरपुडा जगाला ठाऊकच नव्हता, त्यामुळे उघड शोक करायचीही तिला मुभा नव्हती.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास तिने स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत डायरी लिहायला सुरुवात केली आणि तिशीपर्यंत लिहिली. ती लिपी उलगडली 1958 मध्ये, ती जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. लेस्ली लिंडर नावाच्या माणसाने वर्षानुवर्षं डोकं लावलं आणि एका पानावरच्या रोमन सोळा आणि 1793 या दोन खुणांवरून त्याला त्या वर्षी शिरच्छेद झालेल्या फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा धागा सापडला. ज्या घरात काही म्हणता काही कमी नाही, त्या घरातली मुलगी इतकी वर्षं अशी लपून का लिहीत असेल? हा प्रश्न तुम्हाला पडला नाही. मला पडतो, आणि का पडतो तेही सांगते.

सांगलीत आमची हळदीची अडत होती. घरात गडीमाणसं होती, स्वयंपाकाला बाई होती, दारात जीप होती. तिजोरीची किल्ली आजोबांच्या कनवटीला असायची. मला चित्रांचं वेड होतं. कॅमलचे रंग मागितले की ‘पुढच्या महिन्यात बघू’, आणि तो महिना यायचा नाही. म्हणून मी दुकानातल्या हिशेबाच्या जुन्या पट्ट्यांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढायची. त्या कागदाच्या अंगात हळद मुरलेली असायची. ओला कुंचला टेकवला की पिवळा ओघळ सुटायचा आणि माझं निळं आकाश दर वेळी हिरवं व्हायचं. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना मला ए ग्रेड होती. मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात जाते म्हटलं तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, ‘कशाला? घरात काय कमी आहे?’ त्याच वर्षी भावाला इंजिनिअरिंगला पाठवलं, त्याची इच्छा नसताना.

तुमचं वाक्य आणि आजोबांचं वाक्य यांत मला फरक दिसत नाही. पुढे लग्नानंतर माझ्या आर्ट टीचर डिप्लोमाची फी सासूबाईंनी भरली. त्या लोकांचे ब्लाउज शिवायच्या, ते त्यांचे स्वतःचे पैसे होते. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली ती त्या पैशांवर, अडतीच्या नव्हे. तेव्हा श्रीमंत घरातल्या मुलीला काय मिळतं आणि काय नाही, हे कृपा करून मला शिकवू नका.

पॉटरनेही हाच रस्ता धरला. 1890 मध्ये तिने शुभेच्छापत्रांसाठी सशाची चित्रं विकली, ती तिची पहिली कमाई. 4 सप्टेंबर 1893 रोजी स्कॉटलंडमधून तिने आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, पाच वर्षांच्या नोएलला, पत्र लिहिलं आणि त्यात चार सशांची गोष्ट चित्रांसकट सांगितली. त्या पत्राचं पुस्तक करायला निघाली तर एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. मुलांच्या हातात मावेल असं छोटं आणि स्वस्त पुस्तक व्हावं हा तिचा हट्ट होता. शेवटी डिसेंबर 1901 मध्ये तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून 250 प्रती छापून घेतल्या. त्यानंतर फ्रेडरिक वॉर्न कंपनी रंगीत चित्रांच्या अटीवर तयार झाली आणि 1902 च्या ऑक्टोबरमध्ये पीटर रॅबिट बाजारात आला. पुढच्याच वर्षी तिने पीटरची कापडी बाहुली स्वतः शिवली आणि पेटंट ऑफिसात तिची नोंदणी करून घेतली. रिकामटेकड्या बायका असं करतात का?

आणि ‘कुणालाही’ म्हणता? ती चित्रं एकदा जवळ घेऊन बघा. निळा कोट अंगात आणि बूट पायांत असेपर्यंत पीटर दोन पायांवर उभा असतो, चेहऱ्यावर अगदी वांड पोराचा भाव. बागेचा मालक मॅकग्रेगर मागे लागतो, पळताना एक बूट कोबीत राहतो, दुसरा बटाट्यांत. बूट गेले आणि तो चार पायांवर पडून जास्त वेगाने पळायला लागतो. मग कोटाची मोठी बटणं जाळ्यात अडकतात, तो कोट टाकून सुटतो, आणि त्यानंतर बहुतेक चित्रांतला प्राणी रानातला ससा असतो : मागच्या पायांचा कोन, पाठीची कमान, मागे दुमडलेले कान, सगळं. एकाच पुस्तकात माणसाचं पोर आणि खरा ससा, आणि दोघांमधला सांधा दिसत नाही. हे हाताला येतं कारण तिला केसांच्या खालची हाडं ठाऊक होती. ती आणि बर्ट्रम लहानपणी मेलेले प्राणी उकळून त्यांचे सांगाडे सोडवायचे आणि चितारायचे. पाळलेल्या बेंजामिन सशाला पट्टा बांधून फिरायला न्यायची, आणि त्याच्या हालचाली वहीत उतरवायची. माझ्या वर्गातून गेलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना बसलेला ससा नीट जमला, पळणारा ससा जवळजवळ कुणालाच नाही. तुम्ही काढून बघा आणि मला पाठवा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. अळंबीबद्दल मी फुगवून काहीच लिहिलं नाही. अळंबीचे बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवी अळंबी उगवते ते सूक्ष्म कण, कसे रुजतात यावरचा तिचा निबंध 1 एप्रिल 1897 रोजी लंडनमधल्या लिनिअन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेत सादर झाला, बायकांना तिथे प्रवेश नसल्याने ती हजर नव्हती, आणि शंभर वर्षांनी सोसायटीने त्या वागणुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. लेखात एवढंच होतं. ती थोर शास्त्रज्ञ होती असं मी कुठेही म्हटलेलं नाही, ते वाक्य तुम्हीच माझ्या तोंडी घातलंत.

जमीनदारीचं म्हणाल तर तिने घेतलेली शेतं आणि चार हजारांहून अधिक एकर जमीन 1943 मध्ये मृत्यूनंतर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला गेली, आणि डोंगरावरच्या शेतांवर तिथल्या हर्डविक जातीच्याच मेंढ्या राहाव्यात ही तिची अट होती. त्या मेंढ्यांची तिला अशी पारख होती की पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळी करणाऱ्यांनी आपल्या पैदासकारांच्या संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तिची निवड केली होती. पद हाती घ्यायच्या आतच ती गेली.

आपल्या मुलांना परके ससे कशाला, याला मी उत्तर देणार नाही. आपली मुलं काय बघतात आणि त्यांना काय आवडतं ते मुलंच ठरवतील.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. झोपेचं ते वाक्य मात्र तुम्ही स्वतः मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे, आणि ते तसंच राहिलं तर आपलं पुढचं बोलणं इथेच थांबेल. पॉटरबद्दल आणखी भांडायचं असेल तर पुस्तक उघडून बसा, कोणतं पान आणि कोणतं चित्र खटकलं ते लिहा. त्यावर मी हवं तितकं भांडेन.