अंडं मागायला आलेल्यांना कसं परतवावं

गेल्या रविवारी संध्याकाळी मी आमच्याच सोसायटीत पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरले. ४८ फ्लॅट, तीन तास, जमा रक्कम ३२० रुपये. सल्ले मात्र इतके मिळाले की पिशवी कमी पडली. ते वाया जाऊ नयेत म्हणून इथे मांडून ठेवते. उद्या तुमच्याही दारी कुणी बाई मनपा शाळेतल्या पोरांच्या अंड्यांसाठी पैसे मागायला आली, तर ऐन वेळी तारांबळ नको.

आधी प्रकरण सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, अंड्यामागे पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा जीआर निघाला: अंड्याला आणि खिरीच्या साखरेला सरकारी पैसा नाही, हवं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून करावं. लोकसहभाग म्हणजे मी. आमच्या मागच्या गल्लीतल्या शाळेत शनिवारी मी पोरांकडून वाचन करून घेते, म्हणून समितीतल्या आयांनी पावतीपुस्तक माझ्या हातात ठेवलं. "ताई, सोसायटीत तुमची ओळख आहे." होती. आता जरा जास्तच झाली. पोरं ६४, अंडं सात रुपयांना, आठवड्याचे ४४८. फ्लॅटमागे महिन्याला ४० रुपये काढले की भागतं.

तर, आता काय करायचं ते ऐका.

दार पूर्ण उघडू नका. सेफ्टी डोअरच्या जाळीतून बोललं की समोरचा आपोआप आवरतं घेतो.

सुरुवात "तत्त्वाचा प्रश्न आहे" अशी करा. चाळीस रुपये देत नाही म्हणायला लाज वाटते, तत्त्वाचं तसं नसतं.

मग "फुकट" हा शब्द काढा, पण जपून. हा शब्द फक्त मनपा शाळेतल्या पोराला लागतो. पालखी पुण्यात येते तेव्हा आपण बॅनर लावून राजगिऱ्याचे लाडू वाटतो, ते अन्नदान. गणपतीत चारशे पानं उठतात, तो महाप्रसाद. चिरंजीवांना हिंजवडीत कंपनी दुपारचं जेवण देते, ते पॅकेज. चौथ्या मजल्यावरच्या काकूंची नात लंडनला सरकारी शाळेत जेवते. तिथे २०२३ पासून प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला दुपारचं जेवण मोफत आहे. त्याला काकू "सिस्टिम" म्हणतात. कोजागिरीला गच्चीवर त्यांनी आम्हाला नातीच्या ताटाचा फोटो दाखवला होता, मटार, बटाटा आणि माशाचं काहीतरी. "श्रीमंत-गरीब सगळी एकत्र बसतात हो," म्हणताना त्यांचा गळा दाटून आला होता. रविवारी त्याच काकू जाळीतून म्हणाल्या, "अगं, अशाने सवय लागते त्यांना."

जेवायची सवय! वाईटच. एकदा लागली की जन्मभर सुटत नाही.

"मतांसाठी वाटलेली रेवडी" असंही म्हणता येतं. फक्त समोरच्याला तारखा पाठ नाहीत ना, ते बघून घ्या. शाळेत शिजवलेलं अन्न द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी राज्यांना सांगितलं. २०१३ पासून तर अन्न सुरक्षा कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा तो हक्कच आहे. आणि तिसरीतल्या पोराला अजून मत नसतं.

"सरकार देतंय ना!" एवढंही पुरतं. देतंय की. तांदूळ वेगळा, बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला आणि गॅस मिळून पाचवीपर्यंतच्या पोरामागे २०२५ च्या दराने दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहा दहाला आहे.

कुणी कुपोषण म्हणालं की लगेच "मेळघाट" म्हणा. कुपोषण तिकडे असतं, इकडे पुण्यात ट्रॅफिक असतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. एवढी सगळी मेळघाटात कशी मावतात, हे विचारायचं नाही.

अंडं म्हटल्यावर "आम्ही शाकाहारी" हे उत्तर बिनतोड आहे आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. आपल्या घरात काय शिजावं हे ज्याचं त्याचं. फक्त हे बोलताना स्वयंपाकघर दिसणार नाही असे उभे राहा. तिसऱ्या मजल्यावर मला शाकाहाराचं महत्त्व समजावणं चालू होतं, तेवढ्यात मागे ओट्यापाशी जिमवरून आलेल्या चिरंजीवांनी एकामागून एक सहा अंडी फोडली, पांढरं तेवढं वाटीत घेतलं आणि सहाही पिवळी सिंकमध्ये सोडली. "त्याला ट्रेनरने सांगितलंय," आई म्हणाली.

केळी द्या म्हणावं. आपण देऊ नयेत.

आणि हे सगळं फसलं तर शेवटी आजोबा काढावेत. पुण्यात हा रामबाण आहे. "आमचे आजोबा वार लावून शिकले, पण कुणापुढे हात पसरला नाही." दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हे मला दारात उभं ठेवून पंधरा मिनिटं सांगितलं. कोकणातून पायी, पत्र्याची ट्रंक, म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली अभ्यास, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. हात पसरला नाही म्हणे! अहो काका, वार म्हणजे काय? सात घरांनी सात दिवस दुसऱ्याच्या पोराला फुकट जेवायला घातलं, त्याला वार म्हणतात. माधुकरीला झोळी घेऊन जायचे, ते काय मंडईत जायचे? पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं, ते गरीब पोरांची राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणूनच ना? त्या सात घरांतल्या बायकांनी कधी शिळं वाढलं असेल, कधी टोमणा मारला असेल, पण वाढलं. म्हणून आजोबा मॅट्रिक झाले, चिकटले, त्यांच्या पोरांनी पेठेत जागा घेतली, नातवंडांनी ती विकून इथे थ्री बीएचके घेतला. आणि त्या फ्लॅटच्या दारात उभं राहून तुम्ही मला सांगता की फुकट खाल्लं की माणूस आळशी होतो! तुमचे आजोबा झाले का आळशी? आणखी एक. वार मिळायला कुठल्या घरात जन्मावं लागायचं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, माझेही पणजोबा त्याच पंगतीतले. शाळेतल्या खिचडीच्या रांगेत ती अट नाही. मला वाटतं, खुपतंय ते तेच.

आपण धनकवडीत राहतो, काका. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी उपाशी पोरांसाठी अन्नछत्र घातलं, ते याच धनकवडीत. तेव्हा हे पुण्याबाहेरचं खेडं होतं. लोक जवळ काही नसताना द्यायचे. आता कव्हर्ड पार्किंग आहे.

एक सूचना राहिली. "आईबाप काय करतात? जमत नाही तर पोरं जन्माला कशाला घालतात?" हा प्रश्न विचारायचाच असेल, तर आधी मोरीत कोण आहे ते बघा.

पहिल्या मजल्यावर हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत होता. प्रश्न संपला आणि नळ बंद झाला. आवाजच थांबला. आतून कुणी बाहेर आलं नाही. बाईसाहेब पुढे बोलतच होत्या, मला मात्र पुढचं काही ऐकू आलं नाही, कारण आत कोण आहे हे मला ठाऊक होतं. तिचा मुलगा तिसरीत आहे, त्या चौसष्टांतला एक. ती सकाळी साडेसहाला तुमच्या बिल्डिंगमध्ये येते, तुमच्या मुलांच्या डब्याच्या पोळ्या लाटते, म्हणून तिचं पोर डब्याशिवाय, बिनखाल्लं शाळेत येतं. आईबाप काय करतात? तुमची भांडी घासतात! तुम्ही तिला किती देता ते मला माहीत आहे, दिवाळीत दोनशे रुपये वाढवायला केवढी खळखळ केलीत तेही माहीत आहे. तेवढ्यात घर चालवायचं, खोलीचं भाडं भरायचं आणि वर अंडी पण तिनेच आणायची?

आता थट्टा पुरे. मला नाही जमत आणखी. लाज वाटायला हवी आपल्याला. सरकारने पाच रुपयांत हात झटकले ते चूकच, त्याच्याशी भांडण वेगळं चालू आहे आणि चालू राहील. पण चाळीस रुपयांसाठी आठ-नऊ वर्षांच्या पोरांचं चारित्र्य तपासत बसलात तुम्ही सगळे. शिकलेली माणसं! पैसे नव्हते द्यायचे तर नाही म्हणायचंत, मी पुढच्या दारी गेले असते. प्रवचनं कसली देताय?

जमलेल्या ३२० मध्ये माझे घालून बुधवारी दोन ट्रे आणि वर चार अंडी नेली. दुसरीतली एक मुलगी आहे, दोन वेण्या, एकीची रिबीन नेहमी सुटलेली. तिने अंडं बाकावर हलकेच लोळवून तडकवलं, टरफलाचे तुकडे वेचून ताटलीच्या कडेला रचले. मग पांढरं तेवढं कुरतडत कुरतडत खाल्लं आणि पिवळा गोळा अख्खा तळहातावर ठेवून बघत बसली. शेजारच्या मुलाने हात पुढे केला तर मूठ मिटली. घंटा होईपर्यंत तो तिने पुरवला, चिमटीचिमटीने.

येत्या रविवारी सहा वाजता मी पुन्हा येते आहे, पहिल्या मजल्यापासून. सुटे काढून ठेवा.