डिस्चार्ज सकाळी ९ ला, घरी पोचणार रात्री ९ ला

डॉक्टर राउंडला येऊन 'आज घरी जा' म्हणाले की नातेवाईक पिशव्या भरायला घेतात. अहो, भरू नका! मोठ्या हॉस्पिटलची 'पेपरलेस' यंत्रणा आत्ता कुठे डोळे चोळतेय.

आधी फार्मसी रिटर्न. वॉर्डाने इंजेक्शनच्या १० बाटल्या मागवल्या, ६ वापरल्या. उरलेल्या ४ साठी सिस्टरने रिटर्न इंडेंट (परतीची नोंद) टाकायचा, वॉर्डबॉय मामांनी पिशवी खाली न्यायची, खालच्या फार्मसीवाल्याने मोजून 'अ‍ॅक्सेप्ट' दाबायचं. तो जेवायला गेला की बिल लटकलं. लॅबचं सॉफ्टवेअर एक, एक्स-रेचं दुसरं, बिलिंगचं तिसरंच. कधीच रद्द झालेली तपासणी 'पेंडिंग' दिसते आणि फायनल बिल निघत नाही.

मग डिस्चार्ज समरी, म्हणजे आजार-उपचारांचा गोषवारा. रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) बिचारा जुनी समरी कॉपी करून त्यावरच टाइप करतो. अ‍ॅडमिशनच्या कागदावर बीपी '२ वर्षांपासून', समरीत '१२ वर्षांपासून'. झालं कल्याण! विम्याची क्वेरी आली: आजार पॉलिसीआधीचा होता का, डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र जोडा. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये.

डोकं खरं फिरतं ते पुढे. संगणकात तयार असलेलं बिल छापायचं, शिक्का मारायचा, सही घ्यायची, स्कॅन करायचं आणि पीडीएफ टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) पोर्टलवर चढवायची. तिकडचा माणूस तेच आकडे पुन्हा हाताने टाइप करणार. करोडोंची दोन सॉफ्टवेअरं, आणि मधे निरोप्या कोण, तर झेरॉक्सचं मशीन! हेच दावे एका ठरावीक साच्यात थेट इकडून तिकडे जावेत म्हणून एनएचसीएक्स हे आरोग्य विमा दाव्यांच्या देवाणघेवाणीचं सरकारी व्यासपीठ उभं केलंय. आभा या सरकारी आरोग्य खात्याचा १४ आकडी क्रमांकही आहे. पण काउंटरवर नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'एच' कमी पडला की नवा यूएचआयडी (हॉस्पिटलचा पेशंट-नंबर) काढून मोकळे, आणि जुने रिपोर्ट गेले जुन्या नंबरासोबत.

विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये बजावलं की डिस्चार्जच्या वेळी कॅशलेस दाव्याला अंतिम मंजुरी ३ तासांत द्या, उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च विमा कंपनीने सोसावा. उत्तम. फक्त हे घड्याळ सुरू होतं हॉस्पिटलची विनंती विमा कंपनीकडे पोचल्यावर! त्याआधी फार्मसी, लॅब आणि समरीत गेलेले ५ तास मोजतंय कोण?

तेव्हा आदल्या संध्याकाळीच सिस्टरच्या मागे लागून औषधं परत करवा, समरीचा कच्चा मसुदा मागून आजार किती वर्षांचा लिहिलाय ते ताडून बघा. म्हणजे सॉफ्टवेअरने करायचं काम नातेवाइकांनी करायचं, आणि पेशंटने गेटपास येईस्तोवर हातातल्या सुईसकट कॉटवर बसून राहायचं.