पावसाळ्यापूर्वी घरमालकाने काय काय करू नये

रोहिणी सरत आली, वळवाचे दोन दणके बसून गेले, म्हणजे मृग आता दारात आला. बेळगाव तालुक्यात नाहीतर खानापूरकडे ज्यांचं वाडवडिलांचं कौलारू घर आहे, पाठीमागं परडं आहे आणि शिवारात एखादा एकर आहे, त्यांनी या दिवसांत फार जपून राहावं. जरा लक्ष चुकलं तर एखादं काम वेळेवर होऊन बसतं.

सुरुवात छपरापासून करूया, म्हणजे छपराला हात न लावण्यापासून. मार्च-एप्रिलात ऊन कडक, कौलं कोरडी, माणसंही मिळतात, अशा वेळी शाकारणी उरकून घ्यायची एक वाईट खोड आपल्या म्हाताऱ्यांना होती. सबंध पाखं उतरवायचं, कौलांवरचं शेवाळ खरवडायचं, फुटकी बाजूला टाकायची, कुजलेली रीप बदलायची आणि पुन्हा खालून वर एकेक ओळ चढवत न्यायची. दोन दिवस घरभर धुरळा आणि चुलीवरच्या आमटीत कोळिष्टकं. तुम्ही या भानगडीत पडू नका. माकडानं एक कौल सरकवलंय, एवढंच ना? तिथून आलेलं पाणी आधी रिपेत मुरतं, मग वाशात, आणि वासा जिथं भिंतीवर टेकतो तिथून मातीत उतरतं. एवढ्याला दोन-तीन पावसाळे सहज जातात. तोवर खाली पातेलं आणि वर निळी ताडपत्री पुरते. ताडपत्री उडू नये म्हणून दगड ठेवावे लागतात आणि दगड ठेवायला चढलं की आणखी चार कौलं फुटतात, म्हणून ताडपत्री मुळातच मोठी घ्यावी.

आणि भिंत पडलीच तर पडू दे. २०१९च्या पुरात पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारनं पाच लाख रुपये जाहीर केले होते. मग दोन डझन कौलांवर पैसे घालणारा माणूस शहाणा म्हणायचा की काय? ज्यांची घरं खरोखर वाहून गेली त्यांना तो पैसा हातात पडेपर्यंत किती खेटे घालावे लागले, हा विषय मात्र कट्ट्यावर काढू नका. रंगलेल्या गप्पांचा बेरंग होतो.

तरीही घरातून फारच तगादा लागला तर गवंडीमामांना फोन करावा. आपल्याकडचे चांगले गवंडी गोव्याला कामाला असतात, कारण चोर्ला घाट उतरला की हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, जास्त पडते. जे चांगले नाहीत तेही गोव्यालाच असतात. फोन असा होतो :

“मामा, आमच्या कौलांचं काय झालं?”

“होय की, येतोय की.”

“कधी पण?”

“उद्या नाहीतर परवा बघ गा. आत्ता म्हापशात हाय. तू सामान तेवढं आणून ठेव.”

सामान आणून ठेवू नये. सिमेंटची पिशवी पडवीत पंधरा दिवस राहिली की ओल धरते, आणि तिचा दगड झाला की तोच ताडपत्रीवर ठेवता येतो, एवढाच काय तो फायदा.

समजा मामा घाट चढून आलेच, तर वार बघा. सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू द्यायचं नाही, म्हणून गाडीनं वाळू येत नाही. (वाळू गेली कित्येक वर्षं टिप्परनं येते. पण सोमवार तो सोमवारच.) गावात वार पाळणूक, म्हणजे देवीच्या वारी काम बंद, चालू असेल तर मंगळवार-शुक्रवार गेले. शनिवारी बेळगावचा बाजार. रविवारी कुणाचं तरी लग्न, आणि लग्न नसेल तर साखरपुडा. मधे अमावास्या असतेच. राहिले बुधवार-गुरुवार, त्या दोन दिवसांसाठी मामा कशाला गोव्याची हजेरी बुडवतील?

यात एक अपवाद, आणि तो मोठा आहे. गावाची महालक्ष्मी यात्रा. आपल्याकडच्या गावांत ती दरवर्षी भरत नाही. कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा, कुठं पंचवीस, कुठं तर मधे एक अख्खी पिढी निघून जाते. यात्रेची बैठक झाली, तारीख ठरली, की ज्या घराला वीस वर्षांत नवा खिळा माहीत नाही त्या घरावर कर्ज काढून स्लॅब पडतो. पुढच्या भिंतीला फरश्या, दाराला स्टीलचा कठडा, आणि रंग असा की पुण्याहून आलेल्या जावयाला आपली सासुरवाडी सापडत नाही. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत रंगारी शिडीवर आणि खाली घरधनी बॅटरी धरून उभा. पाठीमागची न्हाणी मात्र होती तशीच, दाराला पोतं लावलेली. पाहुणे पुढनं येतात. तेव्हा आपल्या गावची पुढची यात्रा कधी हे पंच कमिटीला विचारून घ्या आणि वाशांना तोवर दम धरायला सांगा. यात्रा होऊन तीन वर्षं झाली, कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि स्लॅबच गळतोय अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर त्यालाही ताडपत्रीचा पत्ता द्यावा.

आता हत्यारं. पहार, खोरं, पाईपपाना, औषध मारायचा पंप यातलं काहीही विकत घेऊ नये. शेजारी कशासाठी असतो? मागायला जाताना थेट वस्तूचं नाव काढू नये. आधी पाऊस, मग रताळ्याचा दर, मग त्यांच्या म्हशीची तब्येत, आणि उठता उठता, “वैनी, शिडी आहे काय हो?” यावर वैनी म्हणणार, “अय्यो, परवाच तर तुमच्याकडनं आम्ही आणली आणि तुमच्याच चुलतभावानं नेली की!” शिडी मुळात कुणाची हे गल्लीत कुणालाच सांगता येत नाही. तिच्यावर ऑइलपेंटनं कुणाच्या तरी नावाची अक्षरं आहेत, पण त्या अक्षरांची गल्लीत चार माणसं निघतात. खालून तिसरी पायरी सुतळीनं बांधलेली आहे. ती दुरुस्त करू नका. केली तर शिडी तुमची ठरेल आणि मग ती मागायला तुमच्याकडं येतील.

शेतातल्या पाण्याच्या मोटारीचं तत्त्व याच्या उलट. तिथं सगळ्यांनी एकदम उत्साह दाखवायचा. आपल्या राज्यात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट आहे, म्हणून ती वाचवण्याचा प्रश्न येत नाही. २५ केव्हीएच्या टीसीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पाच एचपीच्या पाच मोटारी कशाबशा चालतात; आपण नऊ जोडाव्यात. कपॅसिटर बसवायला सांगणारा माणूस दिसला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. प्रत्येकानं ऑटो स्टार्टर लावावा, म्हणजे रात्री थ्री फेज आली रे आली की नऊच्या नऊ मोटारी एका क्षणी उठतात. चालू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. टीसी तीन-चार रात्री हे सोसते आणि पाचव्या रात्री तिच्यातून तेल गळायला लागतं. मग सकाळी सगळे तिच्याखाली जमतात, वर बघतात आणि म्हणतात, “कंपनीचा माल हो, पहिल्यासारखा राहिला नाही.” त्यानंतर वर्गणी. वर्गणी शेवटी द्यावी. मोटार मात्र पहिल्यांदा आपली चालू व्हावी.

हे सगळं टाळून जो वेळ वाचतो तो कट्ट्यावर घालवायचा. विषय कमी पडत नाहीत. सीमाप्रश्न १९५६पासून आहे, महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आपल्या कट्ट्यावर त्याचा निकाल रोज संध्याकाळी सातच्या आत लागतो. न विचारता मारलेली रेघ माणसाला पिढ्यान्पिढ्या कशी सलते हे आपल्याइतकं कुणाला कळणार? ते तासभर पोटतिडकीनं सांगावं, उठावं, आणि दुसऱ्या दिवशी नांगरटीला ट्रॅक्टरवाल्याला म्हणावं, “जरा बांधाला लागूनच घे गा.”

बांध एकदम कोरू नये. दरवर्षी चार बोटं. चार-पाच सुगींत फूटभर हाती लागतो आणि शेजाऱ्याला फक्त एवढंच वाटतं की हल्ली बांधावर दोन माणसं शेजारी शेजारी चालत नाहीत. आता हिशेब करा. चौकोनी एकराची एक बाजू साधारण २०९ फूट. तिच्या कडेनं फूटभर घेतलं तर २०९ चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, गुंठ्याचे सोळा आणे, म्हणजे कमाई तीन आणे. एकरी २० क्विंटल भात धरलं तर तीन आण्यांत जेमतेम दहा किलो निघेल, गिरणीतून आल्यावर साडेसहा किलो तांदूळ. इंद्रायणी असेल तर वास तरी चांगला येतो. एवढ्यासाठी दोन भावकींनी एकमेकांच्या बारशाला न जाणं आणि वकिलाला हप्त्यानं फी देणं हे परवडतं, कारण प्रश्न तांदळाचा नाही, इभ्रतीचा आहे.

जमिनीच्या उताऱ्यालाही हात लावू नये. मालकाच्या नावाच्या नवव्या रकान्यात अजून आजोबाच असतील तर त्यांना तिथं सुखानं राहू द्या. वारसा लावायचा म्हटलं की मुंबईच्या आत्यांची सही लागते आणि सहीबरोबर आत्या येतात. अकराव्या रकान्यात सोसायटीचा बोजा असला तरी तो फेडल्यावर कमी करायला लागतो हे फक्त जमीन विकताना आठवावं. आणि जमिनीतला तुकडा विकायचा असेल तर त्या तुकड्याचा मोजणी नकाशा, म्हणजे ११-ई, लागतो, त्याला सर्व्हेअर लागतो, आणि सर्व्हेअर येणार म्हटल्यावर शेजाऱ्याला नोटीस जाते. इथं मात्र सांभाळा.

कारण सर्व्हेअर खरंच येतो. टेप लावतो, जुना नकाशा उलगडतो, घाणेरीच्या जाळीतून हद्दीचा दगड हुडकून काढतो. गाव गोळा होतं. आणि संध्याकाळपर्यंत मोजणीत निघतं असं की तुमचं क्षेत्र भरतं आहे, शेजाऱ्याचंही भरतं आहे, दोघांचंही उलट दोन-दोन आणे जास्तच आहे. कमी पडली आहे ती पलीकडची पाणंद. दोन बैलगाड्या सहज जायच्या तिथून आता ट्रॅक्टर गेला तर ट्रॉली अडकते.

या घटकेला वैर बाजूला ठेवावं. शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन बसावं, वैनींना चहा टाकायला सांगावा, आणि मोजणी सध्या पुढं ढकलावी असा दोघांच्या सहीचा अर्ज त्याच रात्री तयार करावा. अर्ज कन्नडमध्ये लागतो. शेजाऱ्याचा धाकटा कन्नड शाळेत गेलाय, त्याचं अक्षर चांगलं आहे.